दंड साडेबारा लाख, खड्डा दीडशे कोटींचा



आम्ही मालवणच्या किनाऱ्यावर काम करतो. इथे कपाशी नाही, ज्वारी नाही. आंबा, काजू, मासळी. पण जिल्हा बँक आणि गावची सोसायटी इथेही तीच. म्हणून नागपूरची गोष्ट तुमच्याइतकीच आमचीही.

केदार हे सावनेरचे वजनदार घराणे. वडील बाबासाहेब केदार मंत्री होते. मुलगा सुनील केदार आमदार, पुढे मंत्री, आणि त्याआधी नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे अध्यक्ष. २००१-०२ मध्ये बँकेचे सुमारे १५० कोटी रुपये सरकारी रोखे घ्यायला म्हणून होम ट्रेड आणि आणखी काही खासगी दलालांकडे गेले. पैसे गेले, रोखे आलेच नाहीत. (होम ट्रेडच्या जाहिरातीत तेंडुलकर होता, शाहरुख खान होता, कंपनी धंदा कसला करते ते मात्र कळत नसे.) वर्धा आणि उस्मानाबादच्या जिल्हा बँकाही होम ट्रेडच्या नादाने बुडाल्या.

कोरडवाहू कपाशीचे बी पहिल्या चांगल्या पावसावर पडले नाही तर उतारा घटतो. पीककर्ज तेव्हा हातात हवे. बँकेने हात वर केले की शेतकरी सावकाराच्या ओट्यावर जातो. २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागपूरच्या बँकेला नव्या ठेवी घ्यायलाच मनाई केली.

गुन्हा नोंदला २००२ मध्ये. निकाल लागला २२ डिसेंबर २०२३ ला. केदारांना ५ वर्षे सक्तमजुरी, साडेबारा लाख दंड. आमदारकी गेली. जानेवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयातून जामीन मिळाला, अपीलही झाले. त्याच वर्षी सावनेरमधून त्यांच्या पत्नी उभ्या राहिल्या आणि हरल्या.

घराणे पडले म्हणून टाळ्या वाजवायला आम्ही तयार नाही. निकालाला २१ वर्षे! आमच्या माणसाचे कर्ज एक हंगाम थकले की नवे कर्ज बंद, वर नोटीस. बुडालेली रक्कम जबाबदार संचालकांकडून वसूल करण्याची वाट सहकार कायद्याच्या कलम ८८ मध्ये आहे. आमची मागणी त्या वसुलीची आहे. तुरुंगाचे काय ते न्यायालय पाहील.

जिल्हा बैठकीला येताना आपापल्या बँकेचा वार्षिक अहवाल आणा. गुंतवणुकीचे पान आधी उघडू.