जुनी मोटार धावलीच पाहिजे

जुन्या मोटारींची लांब पल्ल्याची दौड हा निव्वळ धनिकांचा शौक, ही टीका मला मान्य नाही. १९६८ च्या लंडन-सिडनी शर्यतीतील गाड्या मुंबईहून बोटीने ऑस्ट्रेलियाला गेल्या; जिंकली ती हिलमन हंटर ही साधी कौटुंबिक मोटार. त्या शर्यतीच्या स्मरणार्थ १९९३ मध्ये जुन्या गाड्यांचीच दौड निघाली. अशा दौडीत कस लागतो तो निगराणीचा आणि दुरुस्तीच्या कसबाचा. खरा डामडौल आहे तो मोटार झाकून ठेवून वर्षातून एकदा पुसून मिरवण्यात. उभ्या मोटारीचे टायर कडक होतात, बॅटरी उतरते आणि मिस्त्रीही विद्या विसरतो. मावल्याजवळून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाने तिला निदान नागपूरपर्यंत तरी न्यावे. वारसा वापरानेच टिकतो. पिढ्यान्‌पिढ्या येथे मराठी बोलत आलेल्या आपल्या घरांना हे का सांगावे लागावे?