आजोबांनी विकलेली जमीन

दिल्ली, नोएडा किंवा गुरुग्राम येथील लग्नाच्या पंगतीत एक तरी गृहस्थ असा भेटतोच, की जो समोरच्या उंच इमारतीकडे बोट दाखवून सुस्कारा टाकतो, "ही जागा आमची होती. आजोबांनी विकली नसती, तर आज..." हे वाक्य कधीच पूर्ण होत नाही. आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते, ही म्हण अशा वेळी हटकून आठवते.

गृहस्थांचे दुःख खोटे नसते. १९७६ साली नोएडाची स्थापना झाली. १९८० नंतरच्या काळात गुरुग्रामच्या (तेव्हाच्या गुडगावच्या) सिकंदरपूर, नथुपूर, चक्करपूर या गावांभोवतीची शेते खासगी विकासकांनी विकत घेतली. जेथे मोहरी फुलत असे, तेथे आज काचेची कार्यालये उभी आहेत. तरीही अशा शोकाकुल बंधूंना तीन सल्ले द्यावेसे वाटतात.

पहिला सल्ला असा, की आजोबांना दोष देण्यापूर्वी त्यांची अडचण समजून घ्यावी. कुठे सावकाराचे कर्ज होते, कुठे मुलीचे लग्न, कुठे मुलाचे शिक्षण. तो शिकलेला मुलगा म्हणजेच आपले वडील! विकलेली जमीन पुष्कळदा आपल्याच रूपाने पंगतीत बसून जिलेबी खात असते.

दुसरा सल्ला हिशेबाचा आहे. सगळ्यांच्याच आजोबांनी जमीन राखली असती, तर तेथे रस्ते, कारखाने, मेट्रो काहीच आले नसते आणि जमिनीला मोहरीच्या शेताचाच भाव राहिला असता. आपण हळहळतो तो भाव मातीचा नसून त्या मातीवर वसलेल्या शहराचा असतो.

तिसरा सल्ला कचेरीची पायरी चढू पाहणाऱ्यांसाठी आहे. हिंदू कुटुंबात वडिलांनी केलेली वडिलोपार्जित जमिनीची विक्री रद्द करून घेण्यासाठी १९६३ च्या मुदत कायद्याने मुलाला १२ वर्षे दिली आहेत, आणि ती खरेदीदाराने ताबा घेतल्यापासून मोजली जातात. आजोबांच्या व्यवहाराची मुदत बहुधा नातवाला मिसरूड फुटण्यापूर्वीच संपलेली असते.

आजोबांना निदान विकण्याचा निर्णय घेता आला, हेही विसरू नये. १९११ साली दिल्लीला राजधानी करण्याची घोषणा झाली आणि रायसीना, मालचा या गावांची जमीन सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेतली. तेथील शेतकऱ्यांना "विकता का?" असे कोणी विचारलेच नाही.

तेव्हा झाले गेले यमुनेला मिळाले, असे म्हणावे आणि जे उरले आहे त्याकडे पाहावे. महाराष्ट्रात सातबारा, हरियाणात जमाबंदी, उत्तर प्रदेशात खतौनी. आपल्या जमिनीचा कागद कोणताही असो, तो स्वतः वाचावा. त्यावर कोणाचे नाव आहे, ते तपासावे. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीलाही वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला आहे. तिचा वाटा डावलू नये. आणि न वाचता कोणत्याही कागदावर सही किंवा अंगठा कधीही देऊ नये.

कारण आपली नातवंडेही एक दिवस पंगतीत बसणार आहेत. त्या वेळी त्यांनी कोणाच्या नावाने सुस्कारा टाकावा, हे मात्र अजून आपल्या हाती आहे.