बिडालव्रत कोणाचें?

मनुष्यानें आपल्या सोयीसाठीं जितके प्राणी जवळ केले, त्या बहुतेकांस त्यानें कांहीं ना कांहीं प्रशस्तिपत्र दिलें आहे. गाय माता झाली, बैलाचा पोळा झाला, कुत्रा इमानाचा पुतळा ठरला. आणि गाढवाच्या वाट्यास शिव्या आल्या तरी त्याच्या कष्टाळूपणाविषयीं कोणीं शंका घेतलेली नाहीं. एकट्या मांजराच्या पदरीं मात्र आरंभापासून अपकीर्तीच आली. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत धर्माची ध्वजा मिरविणाऱ्या लोभी दांभिकास ‘बैडालव्रतिक’, म्हणजे मांजराचें व्रत घेतलेला, असें नांव आहे. पंचतंत्रांत न्यायाधीशाचें सोंग घेऊन ससा व कपिंजल या दोघांही वादी-प्रतिवादींस गट्ट करणारा ठग मांजरच आहे. हितोपदेशांतील दीर्घकर्ण दृष्टि गेलेल्या गिधाडाचा विश्वास संपादून पक्ष्यांचीं पिलें खातो. आणि महाबलीपुरम् येथील सातव्या शतकांतील प्रचंड शिल्पांत तपस्व्यांच्या जवळच पुढचे पंजे वर करून तप करणारें मांजर व त्याच्यापुढें जमलेले भाविक उंदीर कोरून ठेविलेले आहेत. मराठीनेंही ‘उंदराला मांजर साक्ष’ आणि ‘शिंक्याचें तुटलें अन् बोक्याचें साधलें’ असे आपले दोन शेरे त्यांत घातले. फ्रान्समधील सुप्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ यानें तर अठराव्या शतकांत शास्त्रीय ग्रंथांतच लिहून ठेविलें कीं, मांजर हा बेइमान घरगडी असून त्याहून त्रासदायक अशा शत्रूच्या बंदोबस्तासाठींच त्यास नाइलाजानें ठेवावें लागतें. निसर्गशास्त्रज्ञानेंच अशी फिर्याद गुदरावी, मग इतरांची कथा काय!

स्मृतिकार, कथाकार, शिल्पकार व शास्त्रज्ञ अशा चौघांनीं एकमुखानें दिलेल्या या निकालावर आम्ही आज अपील करीत आहों. विषय क्षुद्र आहे असें कोणी म्हणेल, तर आमचें उत्तर असें कीं, शिवी ही ज्याला दिली त्याच्यापेक्षां ती देणाराविषयींच अधिक सांगते. मांजरावरील चार मुख्य आरोप आम्हीं ताडून पाहिले. आणि आरोपपत्रावरील मांजराचें नांव खोडून तेथें आपल्यासारख्या सुशिक्षित, मध्यमवर्गीय गृहस्थाचें नांव घातलें तरी पुढचें एक अक्षरही बदलावें लागत नाहीं, अशी आमची खात्री झाली आहे.

पहिला आरोप दांभिकपणाचा. मांजर डोळे मिटून दूध पितें, आणि आपणांस कोणी पाहत नाहीं असें त्यास वाटतें, हा या आरोपाचा मुख्य पुरावा. मांजरास असें वाटतें हें आमच्या पूर्वजांस कोणीं सांगितलें? इंग्लंडांतील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, माणसानें मांजराकडे पाहून डोळे सावकाश बारीक करून मिटले, तर मांजरही तसेंच करून उत्तर देतें, आणि तसें करणाऱ्या परक्या माणसाजवळही अधिक खुशीनें जातें. म्हणजे ज्या अर्धोन्मीलित नेत्रांस आपण ढोंग म्हणत आलों, तें विश्वासाचें चिन्ह असावें असें दिसतें. शिवाय दांभिक होण्यास आधीं कांहीं तरी उपदेश करावा लागतो. दुग्धपानाच्या दुष्परिणामांवर व्याख्यान देऊन मग पातेल्यांत तोंड घालणारें मांजर आजवर कोणीं पाहिलें आहे काय? तें उंदीर मारतें. पण हें मी उंदराच्याच कल्याणासाठीं करितों, असें म्हणत नाहीं. उलट आपल्याकडे पाहा. हुंडा हें पाप आहे असें सभेंत गर्जून सांगणारे गृहस्थ घरीं आल्यावर ‘मुलीला तुम्ही हौसेनें जें द्याल तें’ असें म्हणून डोळे मिटतात. मुलांनीं मोबाइल हातीं धरूं नये म्हणून रागें भरणारे वडील तो उपदेश स्वतःच्या मोबाइलवरची नजर न काढतांच करितात. आणि साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शिंगाड्याचा शिरा व दाण्याची आमटी यांच्या योगानें आमची एकादशी इतकी जड होते कीं, द्वादशीस पारण्यापुरती भूक राहत नाहीं. डोळे मिटून दूध पिणारा प्राणी या देशांत आहे खरा. पण त्यास शेपूट नाहीं.

दुसरा आरोप आळसाचा. मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपतें, हें खरें, व तें नाकबूल करण्याचा आमचा विचार नाहीं. परंतु तें शिकार करणारें जनावर आहे. पहांटे व तिन्हीसांजेस दबा धरून एका झेपेंत सगळी शक्ति खर्चावयाची, आणि मधल्या वेळांत ती सांठवावयाची, असा त्याचा धंदाच आहे. शिवाय झोपतांना तें उघड उघड झोपतें. त्या झोपेस ‘बैठक’ हें नांव देत नाहीं, आणि तिचा भत्ताही मागत नाहीं. आमचे कित्येक बंधु कचेरींत डोळे उघडे ठेवून जें करितात त्याचा चोख हिशेब कोणीं मांडला, तर मांजर हा उद्योगी प्राणी ठरावयास वेळ लागणार नाहीं. रविवारीं श्रीखंड-पुरीच्या जेवणानंतर ‘जरा पाठ टेकतों’ म्हणून आडवे झालेले यजमान पांच वाजतां उठतात आणि चहा अद्याप कां झाला नाहीं असें विचारितात. मांजर निदान आपल्या भांड्यापाशीं स्वतः चालत जातें.

या दोन आरोपांच्या पोटांत लहानसहान तक्रारीही पुष्कळ आहेत. दार उघडा म्हणून मांजर ओरडतें आणि दार उघडल्यावर उंबरठ्यावरच बसून राहतें, याचें सर्वांस हंसूं येतें. पण मुलगा परदेशीं गेलाच पाहिजे म्हणून दहा वर्षें धडपडणारे, आणि तो गेल्यावर ‘तिकडे काय ठेवलें आहे’ म्हणून उसासे टाकणारे आईबाप उंबरठ्याच्या कोणत्या बाजूस बसलेले असतात? मांजरासाठीं मऊ गादी आणली तर तें ती सोडून पुठ्ठ्याच्या खोक्यांत जाऊन बसतें. आपणही कर्ज काढून दिवाणखाना सजवितों, त्यांतल्या कोचावर मुलांस पाय ठेवूं देत नाहीं, आणि घरांतलीं सारीं माणसें स्वयंपाकघराच्या दारांत दाटीवाटीनें बसून सुखानें गप्पा मारितात. उडी चुकून खालीं पडलेलें मांजर जणूं कांहीं झालेंच नाहीं अशा थाटानें अंग चाटूं लागतें. भर रस्त्यांत ठेंच लागलेला गृहस्थ आधीं इकडेतिकडे पाहतो, मग खिशांतील मोबाइल काढून त्यांत कांहीं फार महत्त्वाचें वाचूं लागतो. फरक एवढाच कीं, चाटल्यानें मांजराचें अंग तरी स्वच्छ होतें.

आतां तिसरा व सर्वांत गंभीर आरोप कृतघ्नतेचा. ज्याचें अन्न खातें त्याच्या हांकेस मांजर येत नाहीं, हा त्याचा पुरावा. याविषयीं जपानांत झालेले दोन प्रयोग मननीय आहेत. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत २० मांजरांस परक्यांचे व धन्याचे आवाज ऐकविण्यांत आले. धन्याचा आवाज तीं ओळखतात हें त्यांच्या कानांच्या व डोक्याच्या हालचालींवरून दिसून आलें. पण ओळख पटली म्हणून उठून जावें असें त्यांस वाटलेलें दिसलें नाहीं. पुढें २०१९ सालीं असेंही दाखविण्यांत आलें कीं, घरगुती मांजर आपलें नांव इतर शब्दांपासून निराळें ओळखूं शकतें. तात्पर्य, हांक कोणाची तें त्यास कळतें, कोणाला तेंही कळतें. यावयाचें कीं नाहीं एवढेंच तें स्वतः ठरवितें.

यावर आमचे प्रतिपक्षी विजयी मुद्रेनें म्हणतील, ‘पाहा, आम्ही तरी दुसरें काय म्हणत होतों?’ परंतु करार मोडला म्हणण्यापूर्वीं करार काय होता तें पाहिलें पाहिजे. सायप्रस बेटावर सुमारें ९५०० वर्षांपूर्वींच्या एका दफनांत माणसाच्या शेजारीं पुरलेलें मांजर सांपडलें, हा शोध २००४ सालीं जाहीर झाला. आणि आजचें घरगुती मांजर हें पश्चिम आशियांतील रानमांजराच्या वंशांतलें आहे, असें २००७ सालीं आनुवंशिक अभ्यासावरून दाखविण्यांत आलें. माणूस धान्य सांठवूं लागला, धान्यावर उंदीर आले, आणि उंदरांमागून मांजर आलें, अशी या सहवासाची उपपत्ति विद्वान् लोक सांगतात. म्हणजे त्यास कोणीं दाव्यानें बांधून आणिलें नाहीं. तें आपल्या पायांनीं आलें, त्यास उंदीर मिळाले, आपलें धान्य वांचलें. या व्यवहारांत ‘हांक मारतांच येईन’ हें कलम कोठेंच नव्हतें. जें कधीं देऊंच केलें नव्हतें तें दिलें नाहीं म्हणून एखाद्यास कृतघ्न ठरविणें, हा कोठला न्याय?

खरी गोष्ट अशी कीं, आज्ञाधारकपणा आणि प्रेम यांत आपण कधीं भेदच केला नाहीं. बोलावतांच येतो म्हणून कुत्रा प्रेमळ, येत नाहीं म्हणून मांजर स्वार्थी. आणि हेंच माप आपण घरांतल्या माणसांसही लावितों. हांकेसरशी हातांतलें काम टाकून धांवणारी सून गुणी, आणि ‘आलें, एवढी पोळी उतरवून’ असें म्हणणारी उद्धट. वडील सांगतील ती विद्याशाखा निमूटपणें घेणारा मुलगा सुपुत्र, आणि ‘मला विचार करूं द्या’ म्हणणारा पाषाणहृदयी. वीस वर्षें राबलेली मोलकरीण ज्या दिवशीं रजा मागते, त्या दिवशीं तिच्या वीस वर्षांच्या कष्टांची नव्हे, तर आपण दिलेल्या जुन्या साड्यांची यादी घरांत वाचली जाते. जेथें मांजरास कृतघ्न म्हणतात, तेथें तें विशेषण आणखी कोणाकोणाच्या वाट्यास येतें, याची चौकशी वाचकांनीं आपापल्या घरीं करावी. मांजर मांडीवर येऊन बसतें तें हुकुमावरून नव्हे. म्हणूनच त्याच्या येण्यास किंमत आहे, आणि हुकुमाची संवय झालेल्या माणसास नेमकी तीच किंमत कळत नाहीं.

चौथा आरोप असा कीं, कुत्रा माणसाला जीव लावतो, मांजर घराला. हा आरोप करणारे आपलें बिऱ्हाड हलवितांना काय करितात, तें सर्वांस ठाऊक आहे. नव्या सोसायटींतील फरशी चकचकीत असते, म्हणून मांजर जुन्या जिन्यावरच राहतें. आणि वर त्यालाच दोष, कीं त्याचा जीव घरावर! घरांत पिलें झाल्यावर जें घडतें तें लिहितांना तर हंसूं मावळतें. पिलांचे डोळे उघडतात न उघडतात तोंच कोठून तरी एक गोणपाट पैदा होतें, आणि घरांतला कर्ता पुरुष संध्याकाळीं तें घेऊन मंडईच्या मागें, नाहीं तर ओढ्यापलीकडे, पिलें ‘सोडून’ येतो. मारलीं नाहींत, सोडलीं, या शब्दयोजनेवर सर्वांचें समाधान होतें. आईचें दूध न तुटलेलें पिलूं तेथें किती वेळ जगतें, हें कोणी विचारीत नाहीं. कारण त्या वेळीं घरांतल्या सर्वांनीं डोळे मिटलेले असतात. उपासमारीनें यातना होतील अशा स्थितींत प्राण्यास टाकून देणें हा १९६० च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्यान्वयें अपराध आहे. पण पहिल्या अपराधास त्या कायद्यानें जास्तींत जास्त ५० रुपयेच दंड नेमला, यावरून त्या जिवाचें मोल आपण काय केलें तें दिसतें.

आणि याच देशांत श्रीरामानुजांच्या अनुयायांमध्यें शरणागतीविषयीं वाद पडला, तेव्हां तेंगलै पंथानें भक्ताचा आदर्श म्हणून कोणाकडे बोट दाखविलें? मांजराच्या पिलाकडे! वानराचें पिलूं आईस आपण होऊन घट्ट धरून राहतें. मांजराचें पिलूं कांहींच करीत नाहीं, आईच त्यास मानगुटीस धरून सुरक्षित जागीं नेते. ईश्वराच्या कृपेवर भक्तानें तसेंच विसंबून राहावें, असा हा मार्जारकिशोरन्याय. परमेश्वराच्या वात्सल्यास उपमा म्हणून आचार्यांनीं जें पिलूं निवडलें, तेंच पिलूं आपण गोणपाटांत घालितों. मांजरी पिलूं उचलून दुसरीकडे नेते, आणि माणूसही नेतो. या दोन नेण्यांतलें अंतर पाहून कृतघ्न, स्वार्थी व निर्दय हीं विशेषणें कोणास द्यावयाचीं, तें वाचकांनींच ठरवावें.

मांजर निर्दोष आहे असें आमचें म्हणणें नाहीं. तें दूध सांडतें, पडदे फाडतें, चिमणीवर झडप घालतें. पण हे मांजराचे स्वतःचे दोष आहेत. त्याच्या नांवावर चढविलेले आपले नव्हेत. ज्याचें खातें त्याच्या नांवानें असावें, एवढीच आमची मागणी आहे. ज्यांस मांजर नको त्यांनीं तें पाळूं नये. ज्यांनीं एकदां दूध घातलें त्यांनीं पशुवैद्याकडून वेळींच शस्त्रक्रिया करून घ्यावी, झालेल्या पिलांस स्थळ शोधावें, आणि बिऱ्हाडाबरोबर मांजरही न्यावें. ‘बैडालव्रतिक’ हा शब्द कोशांतून काढून टाकावा असेंही आम्ही म्हणत नाहीं. शब्द चांगला आहे, आणि त्याची गरज दिवसेंदिवस वाढतच आहे. फक्त मुलांस त्याचा अर्थ समजावून सांगतांना यापुढें मांजराकडे बोट दाखवूं नये. घरांत आरसा असतोच.