पडीक जमिनीचे मालक आपणच आहोत



गेले काही दिवस इथे गावच्या आठवणींचा पूर आलाय. वाड्याचा दिंडी दरवाजा, हुरडा, चिंचेखालचा पार. मीही सगळं आवडीने वाचते. पण त्या वाड्यामागच्या शेताचं आज काय चाललंय, हे कुणीच लिहीत नाही. राग आला तरी चालेल, पण आज त्यावरच बोलायचंय.

आपल्यापैकी कितीतरी घरांचं मूळ नांदेड, परभणी, बीड, लातूर, धाराशिवकडचं. १९५६ पर्यंत तो सगळा मुलूख हैदराबाद राज्यातच होता. शिक्षण, कोर्टकचेरी, नोकरी यासाठी माणसं इथे आली आणि काचीगुडा-सुलतान बाजारात स्थिरावली. सातबाऱ्यावरचं नाव मात्र तसंच राहिलं. पुढे वाटण्या झाल्या. एक भाऊ इथे, एक पुण्याला, एकाची मुलं अमेरिकेत. जमीन विकायची नाही, कारण ती आजोबांची आठवण. कसायची नाही, कारण वेळ नाही. आणि दुसऱ्याला द्यायचीही नाही, कारण म्हणे ‘कूळ लागेल’! हैदराबादचा कूळ कायदा १९५० चा. कसणाऱ्याला हक्क मिळाले, ते योग्यच झालं. पण त्याची धास्ती आपल्या घरांत अजून तशीच आहे. तिच्यापायी चांगली रानं बाभळीखाली गेली.

कुणी म्हणेल, आमची जमीन आम्ही पडीक ठेवली, त्यात दुसऱ्याचं काय गेलं? जातं, बरं का. पाणलोटाचं काम माथ्यापासून पायथ्यापर्यंत सलग करावं लागतं. वर डोंगराला चर, मधे शेतांची बांधबंदिस्ती, खाली ओढ्यावर बंधारे. मधलेच दहा एकर सुटले की पाणी तिथे वेग घेतं, खालच्याचा बांध फोडतं आणि त्याची माती घेऊन जातं. गाव कामाला लागतं तेव्हा संमतीची सही मागायला फोन येतो. आपलं उत्तर ठरलेलं: ‘बघू, दादाला विचारतो.’ पाऊस कुणाच्या दादासाठी थांबत नाही.

दुसरी सबब, ‘त्या मुरमाड रानात दमच नाही.’ सोलापूरच्या रस्त्याने जाताना शंभरेक किलोमीटरवर झहीराबाद लागतं. चहा पिऊन आपण पुढे निघतो. तिथेच पस्तापूरला १९८३ पासून डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीचं काम चालू आहे. आसपासच्या गावांतल्या महिला संघांच्या बायका, बहुतेक दलित, मजुरीवर जगणाऱ्या. सरकारकडून जमीन मिळाली तीही कुणाला नको असलेली, दगडगोट्यांची लाल माती. त्यांनी दगड वेचले, बांध घातले, शेणखत टाकलं. ज्वारी, तूर, राळा, कोद्रा अशी मिसळीची पिकं घेतली, बियाणं घरातच जपलं. जमीन नव्हती तिथे गटाने मिळून ठोक्याने घेतली. नव्वदच्या दशकात तर तीसेक गावांतली अडीच हजार एकरांहून जास्त पडीक आणि हलकी जमीन लागवडीखाली आणली. शेतकऱ्याला मशागतीला उचल द्यायची, परतफेड ज्वारीत घ्यायची आणि ती ज्वारी गावातल्याच गरिबांना स्वस्तात वाटायची, अशी रीत. म्हणजे पडीक रान सुधारलं, हाताला काम मिळालं आणि घरात भाकरीही आली. यांतल्या कितीतरी जणींना लिहितावाचता येत नव्हतं. आपण एवढे शिकलेले लोक जमिनीत दम नाही म्हणतो!

‘गावात राजकारण फार, एकी नाही,’ ही तिसरी सबब. नगर जिल्ह्यातलं हिवरेबाजार काय एकीसाठी प्रसिद्ध होतं? दारू, भांडणं आणि कामासाठी गाव सोडणं, हीच तिथली ओळख होती. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी स्वतःवर लादून घेतली. श्रमदान केलं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद. बाहेर गेलेली कुटुंबं परत आली. आणि आपण लक्षात ठेवण्याजोगा नियम म्हणजे बाहेरच्याला जमीन विकायची नाही. गावात न राहणारा मालक गावाला किती महाग पडतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

काहीजण म्हणतील, आम्ही मंदिराच्या जीर्णोद्धाराला देणगी दिली, शाळेला पंखे दिले. दिलेत, चांगलं केलंत. पण गावाने मागितली होती सही, आपण पाठवले पंखे.

आणि कुणालाही गावी परत जा असं मी म्हणत नाहीये. या दिवाळीला भावंडं एकत्र जमतील तेव्हा फराळाबरोबर सातबाराही काढा. बांधबंदिस्तीला संमती द्या. वकिलाला विचारून, नीट कागद करून, ती जमीन गावातल्या बचत गटाला नाहीतर भूमिहीन कुटुंबाला ठोक्याने द्या, आणि एका हंगामासाठी नको, चार-पाच वर्षांसाठी द्या. पुढच्या वर्षी रान हातात राहील याची खात्री नसेल तर दगड कोण वेचेल? आणि काहीच जमत नसेल तर गावातच, कसणाऱ्यालाच विका. प्लॉटिंगवाल्याला नको.

आजोबांची खरी आठवण जपायची असेल तर त्यांचं रान पिकतं राहिलं पाहिजे. तुमच्या घरात किती एकर पडीक आहे आणि का, तेवढं खाली लिहा. वाड्याचे फोटो पुष्कळ झाले.