गल्ल्यामागचा विद्यार्थी

सकाळी सात ते अकरा कॉलेज, बारापासून रात्री नऊपर्यंत झेरॉक्सचे दुकान. पुण्याच्या पेठांत अशी मुले-मुली गल्लोगल्ली भेटतात. परीक्षा जवळ आली की कागदाची किती रिमे मागवायची, कोणत्या क्लासची उधारी आता थांबवायची, हे मालकाआधी त्यांना कळते. धंद्याची ओढ त्यांना तिथेच लागते. ‘हे तर मलाही जमेल’ हा विचार दुसऱ्याचा गल्ला सांभाळताना मनात येतो.

तरीही पदवी हाती पडताच यातले अनेकजण नोकरीच्या मागे का लागतात? मराठी मुलाला धंद्याची भीती वाटते, हे ठरीव उत्तर आम्हाला मान्य नाही. त्याला हिशेब येतो, म्हणूनच तो थांबतो. त्याच्या पगारातून मेसचे पैसे जातात, उरलेल्यातून धाकट्या बहिणीची फी. नव्या धंद्यातून पहिले काही महिने हाती काहीच लागत नाही. घरी दुकान किंवा बागायती जमीन असलेला ते महिने काढतो. ज्याच्या पगाराची गावी वाट पाहिली जाते, त्याला एक महिनाही रिकामा जाऊन चालत नाही. उणीव जिद्दीची नाही, आधाराची आहे.

सरकारी कर्ज आहे, हे खरे. 2015च्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटाला तारणाविना 50 हजारांपर्यंत रक्कम मिळते. 2019पासून मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात 15 ते 35 टक्के अनुदान आहे, पण पदरचे पाच ते दहा टक्के आधी घालावे लागतात. शिवाय बँकेत धंद्याच्या जागेचा पुरावा मागितला की कॉट बेसिसवर राहणारा मुलगा काय दाखवणार?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले, ते श्रमाच्या बदल्यात शिक्षण देण्यासाठी. आजच्या ‘कमवा व शिका’ योजनेत विद्यार्थी ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत तास भरतो. त्या पैशांचे मोल आम्ही जाणतो. पण तिथे गिऱ्हाईक नाही, खरेदी नाही, नफातोटाही नाही. उद्योजकतेची शिबिरे होतात ती भरदुपारी, हा मुलगा काउंटरवर उभा असताना. ज्याला ती सर्वांत उपयोगी पडतील, नेमका तोच बाहेर राहतो.

कॉलेजांच्या हाती बरेच आहे. आवारातला स्टेशनरीचा गाळा ठेकेदाराऐवजी चार कमावत्या विद्यार्थ्यांना वर्षभर द्यावा. पहिला माल कॉलेजने भरून द्यावा, भाडे विक्री सुरू झाल्यावर घ्यावे. तोटा झाला तर तो कॉलेजने सोसावा, मुलांच्या घरी त्याची वसुली जाऊ नये. शिबिरे रविवारी घ्यावीत. वर्षअखेरीस त्या गाळ्याची हिशेबवही प्राचार्यांच्या सहीशिक्क्यानिशी मुलांच्या हाती द्यावी, आणि बँकांनी कर्जाच्या अर्जासोबत ती अनुभवाचा दाखला म्हणून स्वीकारावी. जूनमध्ये नवे वर्ष सुरू होते. गाळ्यांचे करार त्याआधीच होतात.