ताप आला? लघवी तपासली का?

मैत्रिणींनो, बाळाला ताप आला की आपल्याकडे कारणं तयारच असतात. दात येतायत, हवा बदलली, नाहीतर नजर लागली! पण सर्दी नाही, खोकला नाही आणि ताप मात्र पुन्हा पुन्हा येतोय, तर डॉक्टरांना एक प्रश्न विचारायलाच हवा : लघवी तपासायची का?

काही मुलांची लघवी मूत्राशयातून उलटी मूत्रपिंडाकडे चढते. तिला मागे जाऊ न देणारी झडपेसारखी रचना जन्मतःच कच्ची राहिलेली असते. जंतुसंसर्ग झाला की जंतूही वर जातात. वारंवार असं झालं तर मूत्रपिंडावर कायमचे व्रण पडू शकतात, पुढे रक्तदाब मागे लागू शकतो. गरोदरपणात आईने काय खाल्लं, याचा इथे काही संबंध नाही. सासरच्या मंडळींनी हे नीट ऐकावं!

अँटिबायोटिक सुरू करण्याआधी लघवीची साधी तपासणी आणि कल्चर, मग सोनोग्राफी. गरज भासली तर मूत्राशयात नळीने औषध सोडून एक्स-रे काढतात. त्यातून दोष पहिल्या पायरीचा की पाचव्या, हे कळतं. खालच्या पायरीचा दोष बहुतेकदा वयाबरोबर आपोआप जातो. काही मुलांना रोज अँटिबायोटिकचा अगदी कमी डोस देतात. अमेरिकेत ६०७ मुलांवर झालेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा डोसाने पुन्हा होणारा संसर्ग जवळपास निम्म्यावर आला. व्रणांच्या प्रमाणात मात्र फरक पडला नाही. म्हणून डोस कुणाला द्यायचा, हे डॉक्टरच ठरवतील. आपण मनाने सुरू करू नये, बंदही करू नये. दोष मोठा असेल तर ऑपरेशन करावं लागू शकतं. बद्धकोष्ठ आणि लघवी दाबून ठेवण्याची सवय मात्र घरीच मोडता येते.

मुरूड-श्रीवर्धनच्या आईला मुलांच्या तज्ज्ञ डॉक्टरांसाठी परळचं वाडिया रुग्णालय गाठायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, मजुरीही बुडते. म्हणूनच पहिली तपासणी गावाजवळ व्हायला हवी. जिथे कल्चरची सोय नसेल, तिथे ती व्हावी, ही मागणी महिला मंडळांनी आणि बचत गटांनी ग्रामसभेत लावून धरावी. शाळेत मुलींसाठी स्वच्छ, पाणी असलेलं स्वच्छतागृह आहे का, हेही तिथेच विचारावं. गटाराचा आणि दिव्याचा विषय आपण मांडतोच ना? मग लेकरांच्या लघवीचा विषय मांडताना लाज कसली?