साहेबालाही ‘हॅज’च!



गेल्या रविवारी आमच्या वस्तीतली एक मुलगी अर्ज तपासून घ्यायला आली. बी.ए. झालेली, दोन वर्षे बालवाडीत शिकवते. वडील सफाई कामगार. अर्ज एका शाळेतल्या नोकरीचा होता आणि मुलाखतीसाठी म्हणून तिने आपली ओळखही इंग्रजीत लिहून आणली होती. अक्षर मोत्याच्या दाण्यासारखे. कागद पुढे करीत म्हणाली, “काका, माझं इंग्लिश कच्चं आहे हो.”

मी वाचले आणि म्हणालो, “बाळ, इंग्रजी कच्चे नाही, तुझे मराठी पक्के आहे!”

थट्टा नव्हे. आपण वाक्य मनात मराठीत जुळवतो आणि मग शब्दाच्या जागी शब्द ठेवतो. बहुतेक चुका तिथेच होतात. त्यात आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून. मराठी शाळांत ते पहिलीपासून सुरू झाले २००० सालापासून. घरी इंग्रजी कानावर पडायचा प्रश्नच नव्हता. तेव्हा चुकले म्हणून लाज वाटायचे कारण नाही. चूक कुठून आली ते शोधावे.

तिचे पहिले वाक्य होते, ‘आय ॲम टीचिंग सिन्स टू इयर्स.’ मराठीत ‘दोन वर्षांपासून शिकवते’ आणि ‘जूनपासून शिकवते’, दोन्हीकडे ‘पासून’. इंग्रजीत हिशेब वेगळा. काम कधी सुरू झाले ते सांगायचे असेल तर सिन्स : सिन्स मंडे, सिन्स जून. किती काळ चालले ते सांगायचे असेल तर फॉर : फॉर थ्री डेज, फॉर टू इयर्स. एवढे पुष्कळांना ठाऊक असते. ते ‘सिन्स’ खोडून ‘फॉर’ लिहितात आणि निर्धास्त होतात. पण अर्धी चूक मागे राहतेच. काम पूर्वी सुरू झाले आणि आजही चालू आहे, हे इंग्रजीत क्रियापदानेही सांगावे लागते. म्हणून पुरे वाक्य, ‘आय हॅव बीन टीचिंग फॉर टू इयर्स.’ नोकरीच्या अर्जात अनुभवाचे वाक्य असतेच असते, आणि वाचणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. हे एक वाक्य तरी पाठ करून ठेवा.

पुढे तिने लिहिले होते, ‘माय फादर आर स्वीपर. दे वर्क इन म्युनिसिपालिटी.’

हे वाचून मला माझे दिवस आठवले. नवा क्लार्क होतो. एका टिपणीत मी लिहिले, ‘द इंजिनिअर हॅव अप्रूव्ह्ड द बिल.’ वरिष्ठांनी तांबड्या शाईने ‘हॅव’भोवती गोल केला आणि टिपणी सगळ्या सेक्शनला मोठ्याने वाचून दाखवली. सगळे हसले. का चुकले ते मात्र कोणी सांगितले नाही. पुढे महिनाभर मी टिपण्या दुसऱ्याकडून लिहून घेत होतो. बी.कॉम. झालेला माणूस!

कारण साधे आहे. मराठीत मान द्यायचा तर आपण अनेकवचन वापरतो. ‘साहेब आले आहेत’, ‘वडील कामाला गेले’. साहेब एक, वडील एक, पण क्रियापद अनेकांचे. इंग्रजी क्रियापदाला हा मान ठाऊकच नाही. ते फक्त मोजते. एक असेल तर ‘हॅज’, अनेक असतील तर ‘हॅव’. साहेबालाही ‘हॅज’ आणि साहेबाच्या टेबलावर चहा ठेवणाऱ्यालाही ‘हॅज’. (मला तर हे इंग्रजीचे आवडते.)

मी वाक्य दुरुस्त केले : ‘माय फादर इज अ स्वीपर. ही वर्क्स फॉर द म्युनिसिपालिटी.’ तिचा चेहरा पडला. “काका, वडिलांना ‘ही’ म्हणायचं? म्हणजे ‘तो’?” मी म्हणालो, “इंग्रजी ‘ही’ म्हणजे अरे-तुरे नव्हे. न्यायाधीशही ‘ही’ आणि पंतप्रधानही ‘ही’.” तरी दुसरे वाक्य लिहिताना तिची पेन्सिल जरा थांबलीच.

आणखी एक चूक जवळपास प्रत्येक अर्जात असते. ‘आय डिड नॉट रिसीव्ह्ड युवर लेटर.’ आम्ही कारकून शिक्का एका कागदावर एकदाच मारतो, तसे समजा. ‘डिड’ने भूतकाळाचा शिक्का मारला, आता क्रियापदाला पुन्हा नको. म्हणून ‘डिड नॉट रिसीव्ह’, ‘डिड नॉट गो’.

बाकीच्या चुका किरकोळ, पण खटकणाऱ्या. ‘मायसेल्फ अमुक’ नव्हे, ‘आय ॲम अमुक’. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ नव्हे, ‘आय हॅव टू ब्रदर्स’. ‘डिस्कस’मध्ये ‘बद्दल’ आलेच, पुढे ‘अबाउट’ नको. ‘वन ऑफ माय फ्रेंड’ची तर मराठीनेच साक्ष काढावी. आपण ‘मित्रांपैकी एक’ म्हणतो, ‘मित्रापैकी’ नव्हे. म्हणून ‘फ्रेंड्स’.

तिच्या अर्जाची सुरुवात होती ‘आय बेग टू स्टेट’. व्याकरणाच्या दृष्टीने यात काही चूक नाही. जुन्या नमुन्यांच्या पुस्तकांत ते असायचेच. पण ‘बेग’ म्हणजे याचना. शिकलेल्या मुलीने आपली पात्रता कळवताना याचना कशाला? मी ते खोडले आणि लिहिले, ‘आय विश टू अप्लाय’. एवढीच दुरुस्ती तिने मला समजावून न सांगता मान्य केली.

मग तिथेच बसून तिने सगळा अर्ज स्वच्छ कागदावर पुन्हा उतरवला. मी हात लावला नाही. मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे.

घरी मुलांकडून ही दोन वाक्ये सुधारून घ्या : ‘माय मदर हॅव नॉट कम.’ ‘शी इज सिक सिन्स फोर डेज.’ उत्तरे पुढील अंकी. त्याच वेळी ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’कडेही वळू. मराठीत ही तिन्ही नाहीत, त्यामुळे तिथे आपली खरी पंचाईत होते.